एकाच सुरीचे दोन काप

दोगोन कुका गावच्या पशुवैद्यक कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं हाडं उकळली. मेलेल्या बैलाचं, गाढवाचं, उंटाचं मांस काढायचं, हाडं चुलीवर उकळून पांढरी करायची आणि तारेनं जोडून जनावर पुन्हा उभं करायचं, हे माझं काम. ते मी चांगलं करत असे. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पण त्या कॉलेजात सगळ्यांत तरबेज हात कुणाचा असं विचाराल, तर मी माझं नाव घेणार नाही. मी कानो शहराचा आणि त्या हाताची मालकीण झारिया शहराची. झारियाच्या माणसाची स्तुती करताना कानोवाल्याची जीभ जड होते, तरी सांगतो. तो हात असाबेचा होता.

शनिवारी जन्मली म्हणून असाबे. विद्यार्थी तिला गोग्गो म्हणत, म्हणजे आत्या. बुटकी बाई, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, तळहातावर मेंदी आणि बोटांची टोकं कायम पिवळी. ज्या द्रावात ती मांसाचे तुकडे मुरवायची त्याचा तो रंग. साबणानं जायचा नाही, आणि तिलाही तो घालवायची घाई नव्हती. अवयवाचा हरभऱ्याएवढा तुकडा मुरवायचा, त्यातलं पाणी स्पिरिटनं काढायचं, त्याच्या जागी मेण भरायचं, त्या मेणाची वडी करायची आणि यंत्राच्या सुरीवर तिचे काप घ्यायचे. काप इतका पातळ, की एका केसाच्या जाडीत तसले पंधरा बसावेत. मग तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा, रंगवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. काळीज, फुप्फुस, आतडं, तिला सगळं येत होतं. पण तिचं नाव झालं ते नर जनावरांच्या वृषणांवर, कारण तो अवयव कापायला सगळ्यांत कटकटीचा. वरचं आवरण चिवट, आतला मगज लोण्यासारखा. नवशिक्याच्या हातून त्याचा चुरा होतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे नऊ वाजताच मेण मऊ पडतं. म्हणून ती पहाटेचा नमाज आटोपून थेट खोलीत येई, येताना सरबतवालीकडून बर्फाचा खडा घेई आणि वडी त्यावर टेकवून कापी. थंडीत वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला की मेण ठिसूळ होई. तेव्हा वडीवर हळूच एक फुंकर टाकून चाक फिरवी. फुंकर केवढी, ते कुठल्याही पुस्तकात नाही. वीज गेली की तिची मेणाची भट्टी बंद पडायची, मग ती मेणाचं भांडं उचलून माझ्या चुलीशी यायची.

"सरक, कानोवाल्या. तुझं गाढव दोन तास थांबेल, माझा बोकड थांबणार नाही."

"मालकाशी बोलायची ही रीत? झारियाची माणसं म्हणजे आमचे गुलाम, विसरलीस?"

"गुलाम तू. तुझ्या आज्याला माझ्या आज्यानं चिमूटभर मिठाला सोडला होता, नाहीतर आज माझ्या अंगणात शेण काढत असतास."

ही थट्टा आम्हा दोन शहरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यात राग धरायचा नसतो, आणि आम्ही धरतही नव्हतो. फक्त एकदा धरला गेला, त्याचं पुढे सांगतो.

पोरांना ती शिकवायची तो प्रकार ऐकण्यासारखा होता. खरं तर शिकवणं तिचं काम नव्हे, ती साधी तंत्रज्ञ. पण प्राध्यापक वर्गात लॅटिन नावं सांगून निघून गेले, की पोरं तिच्या दाराशी जमत.

"गोग्गो, काहीच दिसत नाही. नुसते गोल गोल."

"ते गोल म्हणजे नळ्यांची आडवी तोंडं. एकेक गोल म्हणजे एक घर समज," असाबे म्हणायची. "भोवती कुंपणाची भिंत. भिंतीला टेकून लहानगी बसलीत ना, पोटात ठळक गोल बी असलेली, त्या मूळ पेशी. त्या जसजशा मोठ्या होतात तशा आत सरकतात. भिंतीपासून जितकी लांब तितकी वयानं मोठी. अंगणाच्या मध्यावर शेपट्या फुटलेले दिसतात, ते वयात आलेले शुक्राणू. ते दारातून बाहेर पडतात आणि मागे वळून बघत नाहीत."

"आणि ह्या उंच, फिकट?"

"त्या आया. पाय भिंतीत रोवलेले, हात अंगणापर्यंत. सगळ्या पोरांना त्याच धरतात, भरवतात, पुढे सरकवतात. त्या ढळल्या की घर ढळलं. आणि दोन घरांच्या मधल्या सांदीत घोळक्यानं बसलेत, ते म्हातारे. दिवसभर काही करताना दिसत नाहीत, पण बोकडाला दाढी, वास आणि मस्ती त्यांच्यामुळेच. ते उठून गेले तर घरात पोर वाढायचं नाही."

त्या पोरांतली आता निम्मी सरकारी पशुवैद्य आहेत. त्या उंच, फिकट दाई पेशींचं नाव निघालं की त्यांना अजून गोग्गोच आठवते, असं मला तिघांनी सांगितलंय.

बाई मात्र लाजाळू. वृषण हा शब्द तिनं एकतीस वर्षांत तोंडातून काढला नाही. ती 'जोडी' म्हणायची. "मेंढ्याची जोडी आली का रे?" "उंटाची जोडी फार मोठी, बरणी बदला." एकुलती एक मुलगी झुवैरा, तिचं लग्न ठरताना सोयऱ्यांनी विचारलं, आई काय करते? तर म्हणाली, औषधखात्यात आहे. नवरा कधीच वारलेला. नोकरीच्या अर्जात वडिलांचा धंदा तिनं 'व्यापार' असा लिहिला होता. खरं म्हणजे तिचा बाप दलहातू झारियाच्या बाजारात खाटीक होता. आमच्याकडे खाटकाच्या हातचं मांस सगळ्यांना चालतं, खाटकाची लेक सून म्हणून चालत नाही. मला हे ठाऊक होतं, कारण माझा मामा त्याच बाजारात मीठ विकायचा. एकदा थट्टेच्या भरात मी म्हणून गेलो, "खाटकाच्या पोरी, सुरी जपून चालव."  आठ दिवस तिनं मेणाचं भांडं माझ्या चुलीवर आणलं नाही. वीज गेली तरी आणलं नाही. नवव्या दिवशी मीच कोसाईचे गरम वडे घेऊन तिच्या दाराशी गेलो, आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

तिच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. बिल्यामीनू नावाचा तरुण अध्यापक आमच्याकडे डॉक्टरेट करत होता. हुशार, कष्टाळू, आणि आपण हुशार आहोत हे कुणी विसरू नये याची काळजी घेणारा. त्याचा विषय आमच्या तांबड्या बोकडाच्या वृषणातली पेशीरचना, थंडीत कशी असते आणि उन्हाळ्यात कशी. डिसेंबरात वीस बोकडांचे तुकडे आणले, एप्रिलमध्ये वीस. तुकडे तो स्वतः पिवळ्या द्रावात टाकून बरणीतून आणायचा, पुढचं सगळं असाबेकडे. थंडीतल्या स्लाइड अशा उतरल्या की प्रोफेसर मोद्दिबो, आमचे विभागप्रमुख, त्यांच्या खोलीत पाहुणा आला की त्याला दाखवायचे. एप्रिलच्या स्लाइडमध्ये मात्र घरं उद्ध्वस्त. पोरं भिंत सोडून अंगणात ढीग होऊन पडलेली, आया कुठे दिसेनात, भिंती सुरकुतलेल्या. बिल्यामीनूला आनंदच झाला. उन्हाळ्याच्या तापानं बोकडाच्या बीजपेशी झडतात, असं लिहून त्यानं परदेशी मासिकाला पाठवलंसुद्धा.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, ही बोकडाची स्थिती नसून काप घेणाऱ्याचा दोष दिसतो. ऊतक नीट मुरवलेलं नाही किंवा सुरी बोथट आहे, स्लाइड पुन्हा कराव्यात.

प्रोफेसरांनी असाबेला बोलावलं. मी तेव्हा त्यांच्या खोलीत घोड्याच्या कवटीचा जबडा बसवत होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"असाबे, तुम्ही पुष्कळ वर्षं केलंत," ते म्हणाले. "वयानं नजर मंदावते, हात थरथरतो. त्यात कमीपणा नाही. बिल्यामीनूचे तुकडे आपण राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवू. तुम्ही उरलेलं वर्ष काचसामानाचं कोठार सांभाळा. तिथे खुर्ची आहे, पंखाही आहे."

"आणि यंत्र, सर?"

"ते बिल्यामीनूच्या मदतनिसाकडे देऊ."

असाबेनं हात पुढे केले, दोन्ही, पिवळी बोटं पसरून. त्यातलं एकही थरथरत नव्हतं. प्रोफेसरांनी ते पाहिलं आणि नजर कागदाकडे वळवली. महिनाअखेरीपर्यंत खोलीची किल्ली द्या, एवढंच म्हणाले.

मी जबडा तसाच सोडून तिच्या मागे गेलो. मला इतका संताप आला होता की उकळत्या पातेल्यात प्रोफेसरांना टाकावं असं वाटत होतं. ती मात्र शांतपणे बिल्यामीनूच्या नोंदवहीची पानं चाळत बसली होती. एका पानावर पिवळं बोट ठेवून तिनं मला जवळ बोलावलं.

"हे वाच."

"बोकड सात. वय दातांवरून तीन वर्षं. धडाचं वजन अकरा किलो. जोडीचं वजन अमुक. बरं मग?"

"धडाचं वजन त्यानं कुठे केलं? कत्तलखान्यात काटा नाही. तिथे बोकड पडतो, सोलला जातो, गाड्यावर पडतो. काटा फक्त बाजारात, ठेल्यावर."

तेवढ्यात बिल्यामीनूच आत आला, वही मागायला. असाबेनं त्याला साधेपणानं विचारलं, "बाळ, जोड्या तू ठेल्यावरून घेतल्यास?"

"अर्थात, गोग्गो. कत्तलखान्यात सगळ्यांचं सगळं एका टोपल्यात, कुठली जोडी कुणाची कळत नाही. ठेल्यावर ती ज्याच्या त्याच्या धडालाच लटकलेली असते, चुकायची सोय नाही. आणि माल ताजा, त्याच सकाळचा. मी प्रत्येक वेळी विचारून घेतलंय."

तो वही घेऊन गेला. असाबेनं डोळे मिटले. मग हळू आवाजात मला म्हणाली, "ठेल्यावर जोडी का लटकवतात, ठाऊक आहे ना?"

ते तर शेंबड्या पोराला ठाऊक असतं. शेळीपेक्षा बोकडाच्या मटणाला गिऱ्हाईक जास्त, म्हणून खाटीक सगळं काढतो पण जोडी धडालाच ठेवतो, पुरावा म्हणून. शेवटचा तुकडा विकेपर्यंत ती तिथेच. लबाड खाटीक तर शेळीच्या धडाला दुसऱ्याची जोडी टाचून ठेवतात.

"सकाळी सहाला कापलेल्या बोकडाची जोडी हा पोरगा वर्ग संपवून दुपारी घ्यायचा," असाबे म्हणाली. "डिसेंबरात बाजार गार असतो, काही बिघडत नाही. एप्रिलच्या उन्हात सात तास. बाबा म्हणायचे, सगळ्या अंगात ही जोडी आधी जाते. बाहेरून जशीच्या तशी, आत पेज. ना बोकड आजारी, ना माझी सुरी बोथट. पोरं भिंतीवरून पडली ती लटकता लटकता पडली."

"मग ऊठ, हे प्रोफेसरला सांग."

"सांगेन. तो विचारेल, तुम्हाला कसं ठाऊक? कुठल्या पुस्तकात आहे? मग काय सांगू?"

 तिनं उठून खिडकीतून काचसामानाच्या कोठाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बोलून उपयोग नाही. दाखवावं लागेल. एकच तांबडा बोकड हवा, ज्याची मान माझ्या डोळ्यांसमोर पडेल. आणि ऊनही एप्रिलसारखं हवं."

ऑक्टोबर चालू होता, पाऊस संपून पुन्हा ऊन तापायला लागलं होतं. आणि बोकडही समोरच होता. झुवैरा पहिलटकरीण म्हणून आईकडे आलेली, पाच दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. सातव्या दिवशी नाव ठेवायचं. जावई हारिसू यानं त्यासाठी पांढरा मेंढा पाठवला होता, आणि पाहुणे फार म्हणून वर एक तांबडा बोकड. तो तिच्या अंगणात निंबाला बांधलेला होता.

अडचण अशी, की बोकड जावयाचा. आमच्याकडे सासू जावयासमोर येत नाही, त्याचं नाव घेत नाही. तिनं त्याच्याकडे बोकडाची जोडी मागायची, हे तर कल्पनेतही बसत नाही. म्हणजे जायचं कुणी? गुलामानं.

हारिसू कापडाच्या दुकानात होता. मी त्याला बाहेर बोलावलं आणि आडवळणानं सुरुवात केली. बोकड तुझा, मान तुझाच, मांस पाहुण्यांचं. पण त्यातली एक वस्तू, म्हणजे दोन वस्तू, सासूबाईंना कामासाठी हव्यात. एक सकाळी काढायची, दुसरी दुपारपर्यंत तशीच राहू द्यायची.

दुकानातलं कुणी ऐकत नाही ना, ते त्यानं मागे वळून पाहिलं. "मालम गाम्बो, औषधखातं म्हणजे हे?"

"हेच."

"घ्या म्हणावं. आणि औषधखात्याचं मला कळलं हे त्यांना सांगू नका, नाहीतर आम्ही दोघंही आयुष्यभर तोंड लपवत फिरू."

सातव्या दिवशी उजाडताच अंगणात पुरुष चटईवर बसले, कोलाफळं वाटली गेली, इमामानं नाव पुकारलं. हिंदातू. मेंढा कापून झाला, मग बोकड. बोलावलेल्या खाटकानं धड निंबाला टांगलं, सोललं, आणि मेंढ्याकडे वळला. मी पुढे झालो. मी आयुष्यभर हाडांतला माणूस. त्या नाजूक जागी माझी सुरी चुकली असती तर दुसरी जोडी मिळणार नव्हती. पुरुष उठून बाहेर गेले होते, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं असाबे आली. हातात पिवळ्या द्रावाची बरणी. तिनं माझ्या हातातली सुरी घेतली, दोन वेळा चालवली आणि एक बाजू अलगद वेगळी केली. आवरण चिरलं, तुकडा काढला, बरणीत सोडला. खाटकाची पाठ अजून आमच्याकडेच होती. दुसरी बाजू तिनं धडालाच ठेवली आणि आत निघून गेली.

मग ऊन चढलं आणि कुजबूज सुरू झाली. टांगलेला बोकड सगळ्यांना दिसत होता, आणि त्याला एकच होतं.

"हारिसूनं एकांगी बोकड आणला की काय?"

"नाव ठेवायच्या दिवशी खोट असलेलं जनावर?"

"स्वस्तात मिळाला असेल."

दहा वाजेपर्यंत ही बातमी हारिसूच्या आईपर्यंत पोचली. ती भारदस्त बाई, मक्केला जाऊन आलेली, शब्दाला किंमत असलेली. ती उठून थेट निंबाखाली आली. बायका मागोमाग. तिनं धड बघितलं, जिथे काप घेतला ती जागा बघितली, अंगठा फिरवला.

"जनावर एकांगी नाही," ती म्हणाली. "काढलंय. आणि काढणारा हात शिकलेला आहे. रक्ताचा थेंब नाही, आतड्याला धक्का नाही. हे ह्या भाड्याच्या खाटकाचं काम नव्हे. कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. माझ्यावर घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे खोटं बोलायचं. पण असाबे दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या खांद्याशी बाळ होतं.

"मी केलं, हाजिया," ती म्हणाली. "कॉलेजच्या कामासाठी. दुसरी बाजू दुपारी काढीन. जनावर निर्दोष आहे, तुमच्या लेकाला बोल लावू नका."

"औषधखात्यात हे शिकवतात?"

असाबेनं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. 

"नाही. हे माझ्या बापानं शिकवलं. झारियाचा दलहातू खाटीक. मी त्याची लेक."

 बायकांतल्या कुणीतरी पदर तोंडाला लावला. हाजिया पुन्हा धडाकडे वळली आणि त्या जागेवरून आणखी एकदा अंगठा फिरवला.

"तरीच," ती म्हणाली. "तुझी लेक आमच्या घरी आल्यापासून बाजारात एकाही खाटकानं मला शेळी बोकड म्हणून विकलेली नाही. मी म्हणायची, हिला कळतं कसं?" मग मागे वळून बायकांना म्हणाली, "बघताय काय, जेवायला वाढा, तुवोचे उंडे गार होतायत."

असाबे आत गेली ती पाठ फिरवूनच. रडली असेल तर मला दिसलं नाही. मी मात्र चुलीच्या धुराकडे तोंड करून बसलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी कानोचा आहे.

दुपारच्या नमाजानंतर तिनं दुसरी बाजू काढली. दाबून बघितली, माझ्या हातात दिली. बाहेरून तशीच टणक. चिरली तशी आतली लापशी बोटावर आली. ती वेगळ्या बरणीत गेली, द्राव तोच, वेळ तितकाच.

पुढचे चार दिवस तिनं घरी पाऊल फक्त झोपायला टाकलं. तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि मेणाचं भांडं माझ्या चुलीवर आलं. मी बैलाची मांडी खाली उतरवून ठेवली, कुरकुर न करता. तेव्हा मी पाहिलं की ती दोन वड्या करत नाहीये. सकाळचा तुकडा आणि दुपारचा तुकडा तिनं एकाच साच्यात शेजारी शेजारी मांडले आणि वरून एकदाच मेण ओतलं.

"असं का?"

"वेगळ्या वड्या केल्या तर म्हणतील, एकीला हात चांगला लागला, दुसरीला वाईट. आता सुरी एकदाच फिरेल आणि दोघांनाही कापेल. मग म्हणा काय म्हणायचं ते."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती किल्ली घेऊन प्रोफेसरांच्या खोलीत गेली. बिल्यामीनूला तिनं बोलावून घेतलं होतं, मी बोलावणं नसताना गेलो. तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि शेजारी एक स्लाइड.

"ही बघा सर, आणि मग किल्ली उचला."

प्रोफेसरांनी डोळा लावला. काच डावीकडे सरकवली. सगळी घरं नांदती, पोरं भिंतीला, आया जागच्या जागी, अंगणात शेपट्या. उजवीकडे सरकवली. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे.

"ही उजवी बाजू म्हणजे बिल्यामीनूच्या उन्हाळ्याचीच," ते म्हणाले. "कुठल्या बोकडाची?"

"डाव्या बाजूचा जो, त्याच बोकडाची, सर. एक सकाळी मान पडताच काढली. एक दुपारपर्यंत धडाला लटकत ठेवली, ठेल्यावर ठेवतात तशी. वडी एक, सुरी एक, हात एक."

बिल्यामीनू सूक्ष्मदर्शकावर वाकला तो बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याचं एक वर्ष त्या काचेवर पडलं होतं. पण पोराचं रक्त चांगलं, हे मला मान्य करायला हवं. तो म्हणाला, "सर, चूक माझी. मी ठेल्यावर गेलो. गोग्गोच्या हाताला मी दोष लागू दिला."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असाबे, हे आम्हा तिघा-चौघा शिकलेल्यांच्या ध्यानात आलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

त्या प्रश्नाला ती महिनाभर भीत होती. आता तिनं उत्तर द्यायला श्वाससुद्धा घेतला नाही.

"मी खाटकाची लेक आहे, सर. अर्जात व्यापार लिहिलंय, ते दुरुस्त करून घ्या."

प्रोफेसर उठून उभे राहिले. टेबलावरची किल्ली त्यांनी उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली, आमच्याकडे वडीलधाऱ्याला देतात तशी. तिनं ती कमरेच्या गाठीत बांधली आणि बिल्यामीनूकडे वळली.

"एप्रिलमध्ये पहाटे पाचला कत्तलखान्याच्या दाराशी ये. काटा मी आणीन. बरणी तू आण."

तो आला. वीसही दिवस आला. नवीन स्लाइडमध्ये उन्हाळ्याच्या बोकडाची घरं थंडीइतकीच नांदती निघाली, आणि मासिकानं या खेपेला एक शब्दही न बदलता छापलं.

असाबे निवृत्त होऊन आता अकरा वर्षं झाली. ती दोन तुकड्यांची स्लाइड मात्र पहिल्या वर्षाच्या पेटीत आहे, आणि नवं पोर आलं की आधी तीच दाखवतात. आमच्या कॉलेजात स्लाइडच्या कोपऱ्यावर जनावर, अवयव, तारीख आणि संशोधकाचं नाव कोरतात. काप घेणाऱ्याचं नाव कुणी कधी कोरलं नव्हतं. या एका काचेवर हिऱ्याच्या टोकानं, बारीक पण स्पष्ट अक्षरात लिहिलंय: तांबडा बोकड. जोडी. सकाळ आणि दुपार. काप घेणारी असाबे, दलहातू खाटकाची लेक.